पाळी गेल्यानंतर अंडाशयात घट्ट गाठ: स्ट्रोमल ट्यूमरबद्दल एका मुलीच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६४, पाळी जाऊन तेरा वर्षं झालेली. गेल्या दोन महिन्यांत दोनदा अंगावरून लाल गेलं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयाच्या जागी ७ सेंटिमीटरची घट्ट गाठ दिसली आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर १४ मिलिमीटर जाड निघालं. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी केली जाणारी रक्ततपासणी नॉर्मल आहे. एका डॉक्टरांच्या मते हा बाहेरच्या बाजूला वाढलेला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ, असावा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दुसऱ्या डॉक्टरांनी 'स्ट्रोमल ट्यूमरची शक्यता' असं लिहून ऑपरेशन सांगितलं. मुलगी विचारते: हा कॅन्सर आहे का? सीए-१२५ नॉर्मल असताना घाई कशाला? या वयात दोन्ही अंडाशयं आणि पिशवी, म्हणजे गर्भाशय, कशासाठी काढायची? आणि हे मलाही होईल का?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. सहा महिने थांबू नका. घट्ट गाठ, जाड अस्तर आणि पुन्हा सुरू झालेलं लाल जाणं या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या जातात, आणि तो धागा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा आहे. पाळी जाऊन तेरा वर्षं झालेल्या बाईच्या अंगात एवढं इस्ट्रोजेन आलं कुठून, याचा छडा लागेपर्यंत 'बघू' म्हणण्यात अर्थ नाही. पण घाबरून रात्ररात्र जागण्यासारखंही यात काही नाही. तुम्ही वर्णन केलेल्या गाठी बऱ्याचदा साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, निघतात, आणि ज्या साध्या नसतात त्याही वेळेवर अखंड काढल्या तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

अंडाशयात ढोबळमानाने तीन प्रकारच्या पेशी असतात. बाहेरचं पातळ आवरण, आतली बीजं, आणि या बीजांना धरून ठेवणारा, वाढवणारा मधला भराव. हा भराव म्हणजे स्ट्रोमा. अंडाशयाचा कॅन्सर म्हणून आपण जे ऐकतो, वाचतो, तो बहुतेक वेळा आवरणाच्या जातीच्या पेशींचा असतो. भराव आणि बीजाभोवतीच्या पेशी यांपासून होणाऱ्या गाठींचं पूर्ण नाव सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल ट्यूमर. अंडाशयाच्या एकूण गाठींमध्ये त्यांचं प्रमाण शंभरात पाच ते आठ इतकंच. पाळी जाते तेव्हा बीजं संपलेली असतात, भराव मात्र तिथेच राहतो. हार्मोन बनवायचं कसब मुळात या भरावाच्या आणि बीजाभोवतीच्या पेशींचंच. त्यांची गाठ झाली की ती पुष्कळदा हे जुनं काम पुन्हा हाती घेते. कधी इस्ट्रोजेन बनवते, कधी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, तर कधी काहीच नाही.

म्हणूनच अशा पेशंटला तपासताना मी सोनोग्राफीच्या फिल्मआधी बाईंकडे बघते. चौसष्टाव्या वर्षी योनीची आतली त्वचा पातळ, फिकट, कोरडी झालेली असते, घड्या सपाट झालेल्या असतात. तीच त्वचा गुलाबी, ओलसर आणि घड्या असलेली दिसली, तर शरीरात इस्ट्रोजेन फिरतंय हे रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच कळतं. मग विचारायचं, छाती दुखते का, भरल्यासारखी वाटते का? बायका हे आपणहून सांगत नाहीत, या वयात तर नाहीच. त्याचबरोबर त्या कुठली हार्मोनची गोळी, योनीत लावायचं क्रीम किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेत आहेत का, हेही विचारायलाच हवं, कारण अस्तर जाड व्हायला तेवढंही पुरतं.

रक्ताच्या तपासण्यांत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पण बोलका आकडा एफएसएचचा, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनचा. पाळी गेल्यावर मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी अंडाशयाला हाका मारत राहते, म्हणून एफएसएच कायमचं वाढलेलं असतं. ते कमी आलं, आणि बाई बाहेरून हार्मोन घेत नसतील, तर कोणीतरी आतून त्या हाकेला ओ देतंय असं समजावं. इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) आणि इनहिबिन बी (बीजाभोवतीच्या पेशींचं हार्मोन) यांनी ते दाबलं जातं, आणि बीजाभोवतीच्या पेशींची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, हे दोन्ही बनवू शकतो. रजोनिवृत्तीनंतर इनहिबिन बी आणि त्याच पेशींचं दुसरं हार्मोन एएमएच रक्तात जवळजवळ नसतातच, त्यामुळे या वयात ते वाढलेले आढळले तर त्याला फार वजन आहे. इस्ट्राडायॉल, एफएसएच, इनहिबिन बी आणि एएमएच या चारही तपासण्या आईंच्या ऑपरेशनआधीच करून घ्या. नंतर केल्या तर तुलनेला मूळ आकडा हातात राहत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं तो आकडा लागणार आहे.

आता सीए-१२५. ही तपासणी आवरणाच्या कॅन्सरसाठी कामाची आहे. भरावाची गाठ ते बनवेलच असं नाही, त्यामुळे नॉर्मल आकड्यावर निर्धास्त होता येत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पोटात पाणी, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी, सीए-१२५ कित्येक पटींनी वाढलेलं आणि ओटीपोटात मोठी घट्ट गाठ. घरच्यांना बाहेर कोणीतरी शेवटची स्टेज असल्याचं सांगितलं होतं. मुलगा नोकरीवरून रजा घेऊन निरोप द्यायच्या तयारीनेच आला होता. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. गाठ काढून कापली तर आत पांढरीशुभ्र, चिवट, दोऱ्याच्या गुंडीसारखी वळणंवळणं. तो फायब्रोमा, म्हणजे भरावाची तंतुमय गाठ होती, अगदी साधी. काही आठवड्यांत छातीतलं आणि पोटातलं पाणी आपोआप गेलं. याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. जो मेग्ज आणि जॉन कॅस यांनी १९३७ मध्ये अशा सात रुग्णांचं वर्णन केलं होतं. फायब्रोमाच्या शंभर रुग्णांत जेमतेम एखादीला हे होतं, पण त्या एखादीला उपचार नाकारले जाऊ नयेत म्हणून ते प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात असायला हवं. पोटात पाणी, गाठ आणि वाढलेलं सीए-१२५ एवढ्यावर कोणाचंही भवितव्य ठरवू नये. आधी पेशी बघाव्यात.

पहिल्या डॉक्टरांची फायब्रॉइडची शंका अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. देठाने लोंबणारा फायब्रॉइड आणि अंडाशयाचा फायब्रोमा सोनोग्राफीत जुळ्या भावंडांसारखे दिसतात. दोन्ही घट्ट, दोन्हींच्या मागे सावली पडते. फरक ओळखायचा तर दोन गोष्टी बघायच्या: त्या बाजूचं अंडाशय गाठीपासून वेगळं दिसतंय का, आणि गर्भाशयातून गाठीकडे रक्तवाहिन्यांचा पूल गेलाय का. तुमच्या रिपोर्टमध्ये डावं अंडाशय वेगळं दिसल्याची नोंद नाही. शिवाय पाळी गेल्यावर फायब्रॉइड सहसा आक्रसतात, अस्तर जाड करत नाहीत. एमआरआय केला तर हा घोळ बहुधा मिटेल. तंतुमय गाठ एमआरआयच्या टी-२ नावाच्या चित्रात काळी दिसते. ग्रॅन्युलोसाची गाठ पुष्कळदा आतून जाळीदार, पाण्याच्या आणि जुन्या रक्ताच्या कप्प्यांनी भरलेली असते.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तर नकार द्या. गाठीत सुई घालून पेशी काढणं. गाठ अंडाशयात बंदिस्त असताना तिला भोक पाडणं म्हणजे आतला माल पोटात सांडण्याची वाट करून देणं आहे.

मग ही गाठ कसली असू शकते? आईंच्या वयात आणि या चित्रात माझ्या मनात तीन नावं येतात. फायब्रोमा हा भरावाच्या गाठींत सर्वांत जास्त आढळणारा, पण तो सहसा हार्मोन बनवत नाही, म्हणून जाड अस्तराचं कोडं तो सोडवत नाही. थेकोमा पाळी गेलेल्या बायकांतच जास्त दिसतो, इस्ट्रोजेन बनवतो, कापल्यावर लोण्यासारखा पिवळा दिसतो आणि जवळजवळ नेहमीच साधा असतो. तिसरा ॲडल्ट ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. तो बहुधा पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे होतो, इस्ट्रोजेन बनवतो आणि याला कॅन्सर म्हणूनच वागवावं लागतं, जरी त्याची चाल अतिशय संथ असते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की थेकोमा आणि ग्रॅन्युलोसा यांतला फरक बाहेरून ठरवता येत नाही. गाठ हातात आल्यावर, सूक्ष्मदर्शकाखालीच तो ठरतो. दोन्ही अंडाशयं सारखीच घट्ट आणि मोठी झालेली असती, तर मी आधी जठर, आतडं आणि स्तन तपासायला सांगितलं असतं, कारण तिथले कॅन्सर अंडाशयात येऊन बसतात. काही वेळा असा बाहेरून आलेला कॅन्सर शेजारच्या भरावाला चेतवून हार्मोनही बनवायला लावतो. आईंची गाठ एकाच बाजूला आहे, तरी वर्षभरात स्तनांची मॅमोग्राफी झाली नसेल तर करून घ्यावी.

टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या गाठींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण या विषयावर लिहायला बसल्यावर ते टाळणं मला जमणार नाही. कारण त्या बायका फार उशिरा येतात, आणि उशिराचं कारण लाज असते. सदुसष्ट वर्षांच्या एक बाई वर्षभर रोज पहाटे घरातले उठायच्या आत हनुवटी दाढीच्या ब्लेडने साफ करत होत्या. फोनवर लोक त्यांना 'काका' म्हणू लागले तेव्हा त्यांनी फोन घेणंच बंद केलं. डोक्यावरचे केस समोरून विरळ झाले होते, हिमोग्लोबिन या वयात शोभणार नाही इतकं वर गेलं होतं. टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पातळीचं. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा सीटी स्कॅन स्वच्छ, त्या ग्रंथींचं हार्मोन डीएचईएएस नॉर्मल, अंडाशयांची सोनोग्राफी दोनदा नॉर्मल. तरीही आम्ही दोन्ही अंडाशयं काढायचा निर्णय घेतला. पाळी गेलेल्या बाईत अशा वेळी तेच निदान आणि तोच उपचार असतो. अंडाशयाच्या मुळाशी, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे, जेमतेम दीड सेंटिमीटरची तपकिरी-पिवळी गाठ होती. लायडिग सेल ट्यूमर, साधा. टेस्टोस्टेरॉन काही दिवसांत खाली आलं. अंगावरची लव काही महिन्यांत मऊ झाली. आवाज मात्र पूर्वीचा झाला नाही, कारण स्वरयंत्रातला तो बदल सहसा परत फिरत नाही. वर्षभर आधी आल्या असत्या तर कदाचित आवाज वाचला असता, हे मला आजही बोचतं.

पाळी गेल्यावर थोडी लव बऱ्याच जणींना येते, तिची चिंता नको. महिन्यामहिन्यांत वाढणारी दाढी-मिशी, घोगरा होत चाललेला आवाज, समोरून पडणारं टक्कल, शिश्निकेचा वाढलेला आकार, यांत मात्र थांबू नये. टेस्टोस्टेरॉन १५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की गाठ शोधायलाच हवी. हेच बदल वर्षानुवर्षं हळूहळू होत आले असतील तर दोन्ही अंडाशयांतला भराव फुगण्याचा हायपरथेकोसिस नावाचा विकार जास्त संभवतो, तो ट्यूमर नाही. या गटात स्टिरॉइड सेल ट्यूमर नावाची आणखी एक दुर्मीळ गाठ आहे. तिच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या गाठी कॅन्सरसारख्या वागतात, म्हणून आकार ७ सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा आत रक्तस्राव आणि मेलेला भाग दिसला तर जास्त सावध राहावं लागतं.

आता ऑपरेशन. चौसष्ट हे काही ऑपरेशन नाकारण्याचं वय नाही. हृदय, फुप्फुसं आणि साखर तपासून भूलतज्ज्ञ हिरवा कंदील देतील तर ते झेपतं. दुर्बिणीतून की पोट उघडून, हा वाद मी फार घालत नाही. माझी अट एकच: गाठ अखंड बाहेर यायला हवी. दुर्बिणीतून करायचं तर गाठ पोटातच एका छोट्या थैलीत घालून बाहेर काढावी, तिचे तुकडे पोटात उघड्यावर करू नयेत. ग्रॅन्युलोसाची गाठ पहिल्या टप्प्यात असूनही ऑपरेशनमध्ये फुटली तर ती परत येण्याची शक्यता वाढते. सात सेंटिमीटरची घट्ट गाठ छोट्या छेदातून ओढून काढण्यापेक्षा थोडा मोठा छेद केव्हाही बरा. ऑपरेशनच्या आधी सर्जनना हे तोंडावर विचारा. चांगले सर्जन या प्रश्नाने दुखावत नाहीत.

दोन्ही अंडाशयं आणि पिशवी का, या तुमच्या प्रश्नामागची कळकळ मला समजते. तरुण मुलगी असती तर मी एकच अंडाशय काढून बाकी सगळं राखायला धडपडले असते. आईंच्या बाबतीत राखून मिळण्यासारखं फार नाही, आणि अस्तर तर आधीच बिघडलेलं आहे. इस्ट्रोजेन बनवणारी गाठ अस्तराला रात्रंदिवस खत घालत असते, आणि ते थांबवणारं प्रोजेस्टेरॉन या वयात नसतं. ग्रॅन्युलोसा ट्यूमर असलेल्या पाव ते निम्म्या बायकांत अस्तर जाड झालेलं सापडतं, आणि साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणींत अस्तराचा कॅन्सरही. तो बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातला असतो. पिशवी ठेवून ही टांगती तलवार कशाला ठेवायची?

ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथे बघतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. साधी गाठ म्हटली तर तिथेच थांबता येतं. ग्रॅन्युलोसाची शंका आली तर पोटातल्या धुवणाचे नमुने, आतड्यावरच्या पदराचा तुकडा आणि संशयास्पद जागांच्या बायोप्सी घेतात. लसिका ग्रंथी सरसकट काढायची गरज नसते, सुरुवातीच्या टप्प्यात त्यांत आजार क्वचितच मिळतो. एक लक्षात ठेवा, फ्रोझनचं उत्तर कच्चं असतं. फायब्रोमा, थेकोमा आणि ग्रॅन्युलोसा घाईत एकमेकांसारखे दिसू शकतात. पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि तोच ग्राह्य.

त्या रिपोर्टसाठी दोन शब्द सांगून ठेवते. ग्रॅन्युलोसाच्या पेशींचं केंद्रक कॉफीच्या बीसारखं मधोमध खाच असलेलं दिसतं, आणि रेटिक्युलिन नावाच्या रंगकामात जाळी पेशींच्या पुंजक्याभोवती असते. थेकोमात ती प्रत्येक पेशीभोवती असते. तरीही शंका उरली तर एफओएक्सएल२ या जनुकाची चाचणी करता येते. २००९ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी दाखवलं की ॲडल्ट ग्रॅन्युलोसा ट्यूमरमध्ये जवळजवळ नेहमीच या जनुकात एकच ठरावीक बदल असतो. रिपोर्टबद्दल मतभेद असतील तर स्लाइड्स स्त्रीरोगांच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे दुसऱ्या मतासाठी पाठवा. दुर्मीळ गाठींत दुसरं मत मागण्यात कोणाचाही अपमान नाही.

इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एफओएक्सएल२ मधला हा बदल फक्त गाठीच्या पेशींत घडलेला असतो. तो आईंच्या रक्तात नाही, तुमच्याकडे आलेला नाही. स्तन आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांशीही या गाठींचा संबंध लागत नाही. डायसर-१ नावाच्या जनुकाचा आनुवंशिक दोष सर्टोली-लायडिग नावाच्या याच गटातल्या दुर्मीळ गाठींत सापडतो, पण तो मुख्यतः तरुण मुलींत. रिपोर्टमध्ये ते नाव आलंच तर मात्र आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांना एकदा भेटा.

फायब्रोमा किंवा थेकोमा निघाला तर ऑपरेशनने विषय संपला. ग्रॅन्युलोसा निघाला, गाठ एका अंडाशयात बंदिस्त आणि न फुटलेली असली, तर केमोथेरपी लागत नाही आणि दहातल्या नऊ जणी पाच वर्षांनंतर व्यवस्थित असतात. फुटली असेल तर केमोची चर्चा होते, पसरली असेल तर ती द्यावी लागते. या वयात ब्लिओमायसिन या केमोच्या औषधाने फुप्फुसांना इजा व्हायची भीती असल्याने आम्ही बहुधा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन निवडतो.

ग्रॅन्युलोसाची एकच खोड फार वाईट आहे. तो विसरत नाही. पाच वर्षं झाली, फाइल बंद, असं इतर कॅन्सरमध्ये म्हणतात तसं इथे म्हणता येत नाही. वीस वर्षांनीही हा परत आलेला पाहण्यात आहे. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी, मग वर्षाला एक-दोनदा, पण आयुष्यभर तपासणी आणि इनहिबिन बी. ऑपरेशनआधीचा आकडा मी का मागितला, ते इथे लक्षात येईल. त्या कागदाची प्रत एका फाइलमध्ये नीट ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला ती फाइल कुठे आहे ते सांगून ठेवा. परत आलेली एखाद-दुसरी गाठही पुन्हा ऑपरेशन करून काढता येते, आणि बायका त्यानंतरही वर्षानुवर्षं चांगल्या राहतात.

ऑपरेशनपर्यंतच्या दिवसांत आईंच्या ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडला असू शकतो. तेव्हा पुढच्या भेटीची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत न्या.

आणि या आठवड्यात करायचं पहिलं काम म्हणजे अस्तराची बायोप्सी. पाळी गेल्यावर लाल गेलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असलं की ती करावीच लागते, आईंचं तर १४ आहे. काम काही मिनिटांचं असतं. त्यात अस्तराचा कॅन्सर निघाला तर ऑपरेशनची आखणी बदलते आणि ते स्त्रियांच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या सर्जनने करायला हवं. म्हणून तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख पक्की करू नका.